रशीदभाईंनी न सांगितलेलं नाव

रशीदभाई गेल्याचं मला मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये कळलं. फोटोभोवती फुलं, खाली हात जोडलेले. मी आधी त्यांच्या मुलीला फोन केला. 'खरं आहे का?' असं विचारताना लाजच वाटली, पण खात्री करून घ्यायची ही सवय त्यांनीच लावलेली. ती नुसती रडली... या गोष्टीला आता पाच आठवडे झाले, तरी मला स्वस्थ बसवत नाही.

कामशेतला त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि पुण्याच्या एका दैनिकाचे ते वार्ताहर होते. लोक निवेदनाच्या प्रती काढायला येत, रशीदभाई ते निवेदन वाचत, चार प्रश्न विचारत आणि दुसऱ्या दिवशी त्याची बातमी होई. आंदर मावळातल्या शाळेवर मी मास्तर होतो. तिकडे एसटी दिवसातून दोनदा, त्यामुळे तिकडच्या बातम्या मी फोनवर कळवायचो. नाव त्यांचं छापून यायचं, रुबाब मात्र मीही मिरवायचो.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ठाकरवाडीची हिराबाई उभी राहिली. वाडीतून बाई उभी राहण्याची ती पहिलीच वेळ. मतदानाच्या आदल्या दुपारी जीपस्टँडवर मी ऐकलं, हिराबाईनं समोरच्या पॅनेलला पाठिंबा दिला. मी लगेच रशीदभाईंना फोन लावला.

"मास्तर, तिला स्वतः विचारलंत?"

"हो, विचारलं."

मी विचारलं नव्हतं. वाडी दीड तास चढावर, ऊन रणरणतं... आणि बातमी दुसऱ्या कुणी आधी दिली तर? सकाळी स्थानिक पुरवणीच्या पहिल्या पानावर ती ठळक छापून आली. आठ वाजेपर्यंत कात्रणाचा फोटो गावागावातल्या फोनवर फिरला. वाडीतल्या अर्ध्या बाया मतदानाला उतरल्याच नाहीत. हिराबाई थोडक्यात पडली.

बातमी खोटी निघाल्यावर रशीदभाई मला घेऊन वाडीवर गेले. हिराबाई दारात भात पाखडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "भाऊ, तोंडानं कुणी सांगितलं असतं तर मी भांडले असते. छापलेल्याशी कशी भांडू? माझी सख्खी जाव म्हनली, पेपर काय खोटं लिवतो व्हय?"

"चूक माझी आहे, ताई. मी खात्री करायला हवी होती," रशीदभाई म्हणाले. मी शेजारी उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी खाली बघत राहिलो.

दैनिकानं आतल्या पानाच्या तळाशी दोन ओळींचा खुलासा छापला. रशीदभाईंना ते पुरेसं वाटलं नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं माफी लिहिली, तिच्या प्रती काढल्या आणि दूध डेरीवर, रेशन दुकानावर, चावडीवर चिकटवत फिरले. कार्यालयाला ते रुचलं नाही. वार्ताहरकी गेली. तेव्हाही मी म्हणालो नाही की ती बातमी माझी होती. एकदाच त्यांना विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंत?" ते मशीनमध्ये कागद भरत म्हणाले, "ते तुमचं तुम्ही घ्यायचं."

मयतीनंतर हिराबाई त्यांच्या घरी आली होती. ती बायकांच्या खोलीतून बाहेर पडली तेव्हा मी तिला ओसरीवर गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

"मला म्हाईत व्हतं, मास्तर," ती म्हणाली. "त्या दिशी तुमची मान वर व्हत न्हवती. पन तुमच्या तोंडून ऐकायचं ऱ्हायलं व्हतं."

तिनं माफ केलं की नाही, मला कळलं नाही. चप्पल घालून ती एसटीकडे निघून गेली.

हा मजकूर त्याच दैनिकाला पाठवण्याआधी हिराबाईला फोनवर वाचून दाखवला. मग तिनं विचारलं, "कुटल्या पानावर येनार? पैल्या, का परत आतल्या?"