चाकसूच्या बातमीवर माझं नाव

पान तयार होतं. बातमी लागली होती. मथळ्याखाली नाव होतं, रूथ साळवे. ते माझं नाव. बातमी मी लिहिलेली नव्हती.

तेव्हा मी जयपूरला एका इंग्रजी दैनिकाच्या ब्युरोत रिपोर्टर होते. दोन हजारचं दशक निम्मं उलटलं होतं आणि राजस्थानात धर्मांतर हा रोजच्या वादाचा विषय होता. बातमी जयपूरजवळच्या चाकसूतल्या एका प्रार्थनाघराबद्दल होती. आरोप दोन. तिथे आमिषं दाखवून लोकांना ख्रिस्ती करतात, आणि आजाऱ्यांना औषधं सोडायला लावतात. सुरुवातीला ‘चाकसू’ अशी डेटलाइन होती. डेटलाइन म्हणजे बातमीच्या आरंभी छापलेलं गावाचं नाव. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ एकच : रिपोर्टर तिथे जाऊन आलेला आहे. आमच्यापैकी कोणीही गेलेलं नव्हतं.

ब्युरो चीफ होते देशमुखसर. वडील रेल्वेत, जन्म जयपूरचा, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी.

“सर, यावर माझं नाव का?”

“अगं, तू ख्रिश्चन आहेस ना? मतलब, तुझं नाव बघून पक्षपात झाला असं कोण म्हणेल?”

“लिहिली कोणी?”

“डेस्कनं, इथंच ऑफिसात बसून. फोनवरून माहिती घेतली. तू कशाला टेन्शन घेतेस? विधानसभेची बीट मागत होतीस ना? या अधिवेशनापासून तुझी.”

बीट म्हणजे रिपोर्टरला नेमून दिलेलं क्षेत्र. ही बीट मी कधीपासून मागत होते. ती मिळवायला आता काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं.

खोटी साक्ष द्यायची नाही, हे मी नगरच्या संडे स्कूलमध्ये शिकले. बातमीवर नाव छापणं ही साक्षच असते.

“नाव काढा,” मी म्हटलं. “मी जाऊन येते, मग बघू.”

“आणि तुझ्या लोकांना वाचवणारी स्टोरी घेऊन येशील.”

“आणली तर छापू नका.”

बातमी एक दिवस थांबली.

प्रार्थनाघर म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली. पाळक, म्हणजे तिथला पास्टर, तरुण होता. “जय मसीह की, बहन,” म्हणून त्यानं चहा मागवला. आमिषाबद्दल मी फक्त त्यालाच विचारून थांबले नाही. समोरच्या घरात विचारलं. प्रार्थनेला येणं सोडून दिलेल्या एका शिंप्याला गाठलं. कोणाला काही मिळाल्याचं कोणीच सांगेना. खालचा दुकानदार तर हसला. “बहनजी, ह्यांना स्वतःचा पंखा दुरुस्त करवत नाही, हे कोणाला काय देणार?” पोलीस ठाण्यात तक्रार नव्हती. पहिला आरोप टिकत नव्हता.

दुसरा टिकत होता. रविवारी प्रार्थनेला येणाऱ्या कमला नावाच्या बाईला टीबी होता आणि तिनं गोळ्या बंद केल्या होत्या. ‘पास्टरजी म्हणाले,’ असं तिनं सांगितलं. मी परत वर गेले आणि पाळकाला विचारलं. तो नाकबूल गेला नाही.

“विश्वास पूर्ण असेल तर गोळ्या कशाला, असं म्हणालो होतो.”

“हे मी लिहिणार.”

“बहन, आपण एकाच कुटुंबातले. सगळे आमच्यावर टपून बसलेत. एवढं एक वाक्य गाळा. प्रभू तुम्हाला आशीर्वाद देईल.”

सरांच्या आमिषापेक्षा हे जड गेलं. ती खोली उद्या कोणी फोडू शकलं असतं. मलाही ते कळत होतं.

“खोटेपणावर मिळणारा आशीर्वाद मला नको,” मी म्हटलं. “आधी कमलाबाईंकडे चला. गोळ्या पुन्हा सुरू करायला तुम्ही सांगा. माझ्यासमोर.”

तो आला. त्यानं सांगितलं. मी तेही लिहिलं.

संध्याकाळी देशमुखसरांनी मी लिहिलेली बातमी वाचली. “गोळ्यांचा भाग बढिया आहे. आमिष दिलं नाही, तो भाग उडवू.”

“मग नावही उडवा.”

“आणि बीट?”

“तीही. पण डेस्कच्या पहिल्या बातमीसाठी चाकसूला कोण गेलं होतं असं कोणी विचारलं, तर मी खरं सांगेन.”

“धमकी देतेस?”

“नाही सर. विचारलं तरच.”

त्यांनी आमिषाचा परिच्छेद पुन्हा वाचला. मग म्हणाले, “जिद्दी आहेस यार.” बातमी पूर्ण छापली गेली. आतल्या पानावर, तळाशी, माझ्या नावानं.

विधानसभेची बीट दुसऱ्याला मिळाली. खोली शाबूत राहिली. फोन मात्र ख्रिस्ती आणि धर्मांतरविरोधी अशा दोन्ही बाजूंनी आले आणि शिव्याही. दोन्ही बाजू चिडल्या म्हणजे बातमी बरोबर, असं आमच्या धंद्यात मानतात. ते खरं नाही. चुकीच्या बातमीवरही दोघं चिडतात. ही बरोबर होती, कारण ती तपासलेली होती.

रविवारी उपासना संपल्यावर आमच्या चर्चमधल्या एका वडीलधाऱ्यांनी मला अडवलं. “रूथ, आपल्याच माणसांविरुद्ध लिहिलंस?”

“चूक आपल्या माणसाची होती, अंकल. दुसऱ्या कोणाविरुद्ध लिहू?”

चहाच्या टेबलाशी माझ्याजवळ कोणी उभं राहिलं नाही. मी चहा संपवला. पुढच्या रविवारी पुन्हा गेले आणि पहिल्याच बाकावर बसले.