करवंदीतली कोरी जागा

असे अनुभव सांगणाऱ्यांना मी आजवर मनातल्या मनात हसत आलो. तोंडावर हसण्याइतका धीटपणा माझ्यात नव्हता. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो... पण जे घडले त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

गोष्ट एकोणीसशे तीस सालानंतरची. रत्नागिरीस भाट्याच्या खाडीपलीकडे, सड्याला, म्हणजे वरच्या कातळी माळाला, लागून आमचे घर. गणिताच्या मास्तरकीतून पेन्शन घेतल्यावर मी वॉटरकलर शिकू लागलो होतो. थोरले बंधू, दादा, माझ्यापाशीच राहत. वयोमानाने त्यांना भ्रम होई. मनात येईल तिकडे चालू लागत.

आश्विनातल्या एका सकाळी पडवीत बसून मी समोरचे रान रंगवत होतो — घाणेरी, वाळू लागलेला तेरडा, सड्याच्या टोकाची करवंदीची जाळी. एरवी मी पाने मोजून काढी. त्या दिवशी हात सुटला आणि ओल्या कागदावर हिरवा रंग हवा तसा धावला. फक्त करवंदीच्या मधोमध बोटभर जागा रंग घेईना. तीनदा ब्रश फिरवला... रंग बाजूला सरके. दादा तेव्हा माझ्या शेजारीच पेज पीत होते.

शेजारचा भिकाजी डोकावला. “मास्तर, ही झाडं हायत की गुरानं चघळून टाकलेला चारा?”

“शिकतोय रे.”

“शिका. पन मधी मानूस बसवलाव, तो बरा जमलाय.”

मी माणूस काढलाच नव्हता.

दुपारी दादा नाहीसे झाले. म्हातारा माणूस उताराकडेच जाणार, म्हणून भिकाजी चार गडी घेऊन खाडीकडे निघाला. मी जन्मात कोणाला अडवले नव्हते; त्या दिवशी वाटेत उभा राहिलो.

“खाडीकडे नको. सड्यावर, करवंदीत.”

“कशावरनं?”

“चल म्हणतो ना.”

दादा त्याच जाळीत मांडी घालून ताठ बसले होते. पुढे दहा पावलांवर कडा — खाली समुद्र.

“दादा, इथे का बसलात?”

“मी पुढेच चाललो होतो. तूच ओरडलास — बसा खाली, चित्र पुरं होईस्तो हलू नका.” मग हळूच विचारले, “झालं का रे? आता उठू?”

दादा घराबाहेर पडले तेव्हा मी घरात निजलो होतो. दादांपुढे आवाज तर मी कधीच चढवला नाही. मग त्यांना बसवले कोणी, याचा उलगडा आजतागायत झालेला नाही. त्यांच्याशी मात्र मी वाद घातला नाही.

“झालं, दादा,” म्हणालो आणि हात पुढे केला.