तारप्याचा तोडलेला दम

तारप्याचा दम तोडायचा नाही. नाकाने श्वास घ्यायचा, गालातली हवा वाद्याच्या भोपळ्यात ढकलत राहायची, सूर अखंड. तो तुटला की कमरेत हात घालून नाचणाऱ्यांचं रिंगण अडखळतं, आणि पुढची दिवाळी येईपर्यंत लोक वाजवणाऱ्याची टर उडवतात. आमच्या साखरशेत गावात माझे वडील वाजवायचे आणि थोरला भाऊ घुंगरकाठी आपटत रिंगणापुढे चालायचा. वडील खोकल्याने गेले. पाठोपाठ भाऊ ठाण्याच्या बांधकामावरून पडला. घरी आला तो कापडात गुंडाळूनच.

मी मोखाड्याला मास्तर. वडिलांचा तारपा चुलीवरच्या माळ्यावर धूर खात पडला होता. तो काढला, नवं मेण लावलं आणि त्या दोघांसाठी एक चाल बांधली. नाचायची नव्हे, एकट्याने वाजवायची. तिच्यात मुद्दाम दोनदा दम तोडला, एकदा वडिलांसाठी, एकदा भावासाठी. अंगणात वाजवली तेव्हा आई नाचणी पाखडत होती. सूर पहिल्यांदा तुटला तसं तिचं सूप थांबलं. दुसऱ्यांदा तिने पदर डोळ्यांना लावला. चाल जमली, हे मला तेव्हा कळलं.

मग जव्हारच्या महोत्सववाल्यांनी ती मागितली. "संस्कृती जपायची आहे, सर." या जपणाऱ्यांची मला आधीपासूनच शिसारी. पण वाजवण्याआधी दोघांची नावं पुकारू म्हणाले, आणि मी हुरळलो. त्यांचा साउंडवाला येऊन चाल रेकॉर्ड करून घेऊन गेला.

कार्यक्रमाला आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली. मंडपात अत्तराचा आणि तळणीच्या तेलाचा वास मारत होता. पाहुणे आले तशी माझी चाल लागली, तिच्याखाली ढोलकीचा दणदणाट. त्या तालावर ढेऱ्या सावरत, हात जोडत, फोटोसाठी माना वळवत ते मंचावर चढले. नावं कुणी घेतली नाहीत. मी पहिल्या तुटण्याची वाट पाहिली. ते आलंच नाही. दुसरंही नाही. चाल सरळ निघून गेली आणि कुणीतरी टाळ्या वाजवायला सांगितलं.

साउंडवाल्याला गाठलं. तोही आमच्याच बाजूच्या पाड्यातला, वाजवणाऱ्यांच्या घरातला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सर, दोनदा दम तुटला व्हता तुमचा. जोडून टाकला. कुणाला कळायचा नाय, इज्जत राखली तुमची."

पाठीवर थापही मारली. मंचावरच्या हारतुऱ्यांची किळस आलीच, पण या भल्या माणसाला शिवी देता येईना, याची जास्त आली. त्याने आपल्या परीने माझी अब्रू झाकली होती.

परतीच्या जीपमध्ये आई माझ्या शेजारी बसली. साखरशेतचा फाटा आला तेव्हा तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"चांगला वाजवलास," ती म्हणाली. "पन ते दोघं कठं गेलं रं त्यातून?"