सगुणेचं न रडणारं पोर

मांडवीतल्या सगुणेच्या पोटात दुखायचं ते जावेच्या पोरीच्या रडण्यावरून. आता रडण्याचा कुणी हेवा करतं का? पण सगुणा करायची, अगदी अन्न गोड लागेनासं होईपर्यंत.

सगळ्याचं मूळ डोहाळ्यांत. दोघी जावा एकाच वर्षी पोटुशी राहिल्या. थोरली काशी ओकून ओकून नुसत्या पेजेवर आली, तर सगुणेला गोडाचे डोहाळे लागले. फणसपोळी झाली, आंब्याचा मावा झाला, वर तांब्या तांब्या पाणी. डोहाळे पुरवले नाहीत तर पोराचा कान फुटतो, हे सासूच्या डोक्यात पक्कं. तिने हौसेने पुरवले. सगुणा मोरीतून उठली की तिथे मुंग्या जमायच्या. म्हातारी म्हणायची, "बरकत आली गो घरात." मग काशीच्या पेजेकडे बघत सगुणा आणखी एक फणसपोळी तोडायची.

मुलगा झाला, बाबू, तो चांगला थोराड. अख्खी आळी बघायला लोटली. काशीची चिमा त्याच्यापुढे वाळलेली मांदेली. इस्पितळातली डॉक्टरीण म्हणाली, "तुमच्या रक्तात साखर वाढली होती, बाळ त्यानेच एवढं भरलंय." सासूने नाक मुरडलं. साखर म्हणे म्हाताऱ्यांना होते. सगुणेला ताप आला तेव्हा काशीनेच बाबूला अंगावर पाजलं.

पण पोरं बसायला लागली आणि सगुणेचा तोरा उतरला. चिमाला कुणी उचललं की ती आधी तोंड न्याहाळायची आणि मग घर डोक्यावर घ्यायची. आईच्या खांद्यावर गेली की गप्प. बाबू मात्र मासेवालीकडे जायचा, पोस्टमनकडे जायचा. बायका म्हणायच्या, "गुणाचा गो तुझा झील." सगुणेच्या काळजात चर्र व्हायचं, कारण तो आईकडेही तसाच बघायचा, कुणी पाहुणी आल्यासारखा. काशीला जेवढं हसू, तेवढंच तिला.

काशीनेच दूध पाजून पोर तोडलं, असं तिच्या मनाने घेतलं. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या, काही फरक नाही. शेवटी ती डॉक्टरणीकडे जाऊन जावेचं गाऱ्हाणं सांगत बसली.

डॉक्टरणीने सगळं ऐकून घेतलं. "जावेवर कशाला घालता? पोटात असताना आईची साखर फार वाढली, तर एखाद्या बाळाची लक्षात ठेवायची शक्ती मागे पडते, असं आता वाटायला लागलंय. तुमच्या बाबूला तोंडं ध्यानात राहत नसावीत. रोज तेच तोंड, तोच आवाज, तेच गाणं द्या. वेळ लागेल."

"म्हणजे मी खाल्लं म्हणून?"

"नुसत्या खाण्याने होत नाही. गरोदरपणात काहींचं अंगच साखर पेलत नाही. तुम्हाला वेळीच कुणी सांगितलं नाही."

सगुणा घरी आली ती हट्टाला पेटूनच. एकच हिरवं पातळ धुऊन धुऊन नेसायची, एकच पाळणागीत घसा बसेपर्यंत म्हणायची. खुळखुळा फडक्याखाली लपवायची, काढून दाखवायची, परत लपवायची. काशीला तर तिने बाबूला शिवूही दिलं नाही. "बरं गो बाई, तुझा तुला," काशी म्हणाली आणि खरोखरच लांब राहिली. पलीकडून चिमाने "आई" अशी हाक मारली, की सगुणा हातातलं भांडं आपटायची.

शिमग्याच्या आधी सगुणा पडवीत मासळी साफ करत बसली होती. बाबू रांगत पायरीच्या कडेला गेला. तिचे हात खवल्यांनी भरलेले, म्हणून काशीने धावत जाऊन त्याला उचललं. बाबूने तिचं तोंड निरखून पाहिलं. मग त्याचा ओठ वळला आणि त्याने असा टाहो फोडला की शेजारीण डोकावली. अंग वाकडं करून, दोन्ही हात हिरव्या पातळाकडे.

काशीचा चेहरा उतरला. "माझं दूध प्यायलास ना मेल्या? मलाच ओळखत नाहीस?"

सगुणेला ते दिसलं. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि तिथेच बसून राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"वैनी, जरा धर त्याला," ती म्हणाली. "रडू दे. मला ऐकू दे."