दोनशे बाराची खुंटी

मी कधी नवस बोललेले नाही, अंगात येणाऱ्यांपुढे हात जोडलेले नाहीत. माझे वडील महिदपूरच्या तहसीलात चपराशी. मॅट्रिकच्या पुढे गेलेली आमच्या घरातली मी पहिली. इतक्या कष्टानं मिळालेलं शिक्षण भुताखेतांच्या गोष्टींवर घालवायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं होतं. तरी आज लिहिते आहे... कारण ही ऐकीव गोष्ट नाही. ते मी माझ्या हातांनी केलं.

मध्यभारत राज्याचे दिवस. उन्हाळ्यात सरकार ग्वाल्हेरहून इंदूरला येई आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जादा हात लागत. बी.ए.ची परीक्षा देऊन मी तिथे हंगामी ऑपरेटर झाले. राहायला कृष्णपुऱ्यात, दादासाहेबांकडे. ते दरबारच्या कचेरीतून रिटायर झालेले; मूलबाळ नाही. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनं, माईंनी, मला मागची खोली दिली, चार वर्षं आपल्या पंगतीला जेवू घातलं. माझा प्रत्येक इंग्रजी निबंध दादासाहेबांनी लाल पेन्सिलीनं तपासला.

एक्स्चेंजचं काम असं — समोर बोर्ड, त्यावर प्रत्येक फोनचा एक जॅक, म्हणजे भोक, आणि वर पितळेचं छोटं शटर. घरी कुणी फोनचं हँडल फिरवलं की इथे त्याचं शटर खट्‌कन पडे. त्या जॅकमध्ये वायरची दोरी खुपसायची, खटका ओढून ‘नंबर प्लीज’ विचारायचं, जोडीची दुसरी दोरी मागितलेल्या नंबरात घालून घंटी द्यायची. तिकडे उचलला की खटका सरळ. म्हणजे आपला कान बंद.

रोज दुपारी तीनला दोनशे बाराचं शटर पडे. आमच्या घरचा नंबर.

‘नंबर प्लीज.’

‘चौसष्ट दे, बेटा.’ चौसष्ट म्हणजे माझ्या कॉलेजचं ऑफिस; तिथला फोन बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, उचलत.

‘अहो दादासाहेब, कालच तर विचारलंत! निकाल आग्र्याच्या युनिव्हर्सिटीतून यायचाय, बडे बाबूंच्या खिशात नाहीये.’

‘ऑपरेटरनं वाद घालू नये. घंटी दे. आणि ऐकत बसू नकोस. दोघं बोलत असताना मधे कान घालणं वाईट.’ मग खोकला. त्या उन्हाळ्यात खोकला त्यांना सोडतच नव्हता.

मेच्या अखेरीस ते गेले. निकाल लागलाच नव्हता. मला तेच सगळ्यात जास्त लागलं... चार वर्षं ज्याची वाट पाहिली, तेवढं तरी त्यांना ऐकायला मिळायला हवं होतं.

माईंनी फोन काढायला सांगितला. लाइनमन खांबावरची तार वेटोळं करून घेऊन आला. बंद नंबरात चुकून दोरी जाऊ नये म्हणून जॅकमध्ये लाकडी खुंटी बसवण्याची रीत होती; ती मेकॅनिक गणपतभियांनी बसवली.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. दुपार. वाळ्याच्या पडद्यांवर नुकतंच पाणी मारलेलं. खोलीत ओला सुगंध, हिरवट अंधार. शेजारच्या मुलींचे ‘नंबर प्लीज’ विहिरीच्या तळातून आल्यासारखे दूर वाटत होते... घड्याळात तीन.

खट्.

दोनशे बारा.

भीती वाटली नाही, हेच विचित्र. हात सवयीनं पुढे गेला. खुंटी काढली, दोरी घातली, खटका ओढला. आत शंख कानाला लावल्यासारखी गाज.

‘नंबर प्लीज.’

‘चौसष्ट दे, बेटा.’

मी चौसष्टला घंटी दिली. तिकडून ‘हॅलो’ आलं. माझी बोटं खटक्यावरच होती. नुसतं ऐकत राहिले असते तर... पण मी खटका सरळ केला. त्यांचीच शिकवण होती.

दोन-तीन मिनिटांनी बोलणं संपल्याचं शटर पडलं. दोऱ्या काढल्या, आणि मग गणपतभियांना हाक मारली.

‘शटर ढिलं झालं असेल, बहनजी, और क्या!’ म्हणत गणपतभियांनी बोर्डाची मागची फळी उघडली... दोनशे बाराच्या मागे तारच नव्हती. त्यांनी स्वतःच कापली होती.

संध्याकाळी तशीच कॉलेजात गेले. बडे बाबू कपाट लावत होते. दादासाहेब गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं.

‘या, या! मिठाई कुठाय? दुपारी मी आग्र्याचा लिफाफा फोडतोय, तेवढ्यात दादासाहेबांची घंटी! सेकंड क्लास म्हणून सांगितलं, तर किती तरी वेळ बोललेच नाहीत. मला वाटलं, लाइन कट गई.’

‘मग?’

‘मग म्हणाले, पोरीला सांगू नका. तिला स्वतः येऊन नाव वाचू दे.’ त्यांनी जीभ चावली. ‘लो, मी तर सांगून बसलो! आता रागावतील.’

मी यादीत माझं नाव वाचलं. दोनदा वाचलं.

पुढे ते बोर्ड गेले, डायलचे फोन आले. ओळखीच्या इंजिनिअरांना मी विचारून पाहिलं. शटर आपोआप पडू शकतं, म्हणतात. पुढचं ऐकलं की विषय बदलतात. खटका सरळ केला याची कधी हळहळ वाटते, कधी नाही.

माईंनी मात्र कसलाच खुलासा मागितला नाही. त्या रात्री पान वाढताना माझं सगळं ऐकून एवढंच विचारलं, ‘खोकत होते का गं अजून?’

‘नाही, माई,’ मी म्हटलं. ‘अगदी मोकळा आवाज होता.’