फ्रॅकिंग नाही, फ्रॅक-आउट

"मॅडम, इथे फ्रॅकिंग चालू हाय की नाय, तेवढंच सांगा," असं म्हणून सुगंधाताईंनी पोहरा माझ्यासमोर उपडा केला. त्यातून ताकासारखं पांढुरकं पाणी सांडलं.

रोह्याजवळच्या गावातली ही पिण्याच्या पाण्याची विहीर. सुगंधाताई तिथल्या सरपंच. मी भूजल खात्यातून निवृत्त झालेली भूवैज्ञानिक, राहते पेणला, रामवाडीत. गॅस कंपनीच्या फ्रॅकिंगने विहीर नासली, अशी गावाची तक्रार होती. सरकारी कचेरीने मला एकच प्रश्न देऊन पाठवलं होतं: फ्रॅकिंग आहे की नाही?

फ्रॅकिंग म्हणजे पाणी, वाळू आणि केमिकल प्रचंड दाबाने खोल जमिनीत घुसवून खडक फोडायचा आणि त्यात अडकलेला गॅस वर काढायचा. गावाने मोबाइलवर परदेशातला एक व्हिडिओ पाहिला होता. नळाच्या पाण्याला काडी लावली की भडका! तेव्हापासून विहिरीपाशी कुणी विडीही ओढत नव्हतं.

इथे कंपनी गॅस काढतच नव्हती. बाहेरून येणारा गॅस पुढे न्यायला नदीखालून पाइपलाइन टाकत होती. म्हणजे उत्तर सोपं होतं: नाही.

तरी सुगंधाताई आणि मी साइटवर गेलो. तिथला इंजिनीअर भला माणूस. म्हणाला, "काही विशेष नाही मॅडम. मध्ये एक छोटा फ्रॅक-आउट झाला होता. आता कंट्रोलमध्ये आहे."

"ऐकलंत?" सुगंधाताई उसळल्या. "फ्रॅक म्हणाला की नाय हा?"

"ताई, ते वेगळं असतं."

"नाव तर तेच हाय!"

नदीखालून आडवं भोक पाडताना ते ढासळू नये म्हणून बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीचा राडा दाबाने सोडतात. कधीकधी हा राडा खडकाच्या भेगेत शिरतो आणि भलतीकडेच वर येतो. तोच फ्रॅक-आउट. पण विहीर तिथून बरीच लांब, मध्ये भातखाचरं. राडा एवढ्या लांब जाईल? इंजिनीअर नाही म्हणाला. गावात कुणी म्हणे धाटावच्या कारखान्यांचं केमिकल आहे. लॅबमध्ये विहिरीच्या पाण्यात नुसती माती निघाली, पण ती विहिरीच्या ढासळलेल्या कडेचीही असू शकत होती. मलाच काही उमगेना.

शेवटी राड्यात हिरवा रंग मिसळायला लावला. पाण्याचा माग काढायला आम्ही तो वापरतो, विषारी नसतो. गावाला तसं सांगूनही ठेवलं. मशीन दिवसभर चाललं, विहिरीत काही दिसलं नाही. मी पेणला परतले. सकाळी फोन आला.

"मॅडम, विहीर हिरवीगार झाली! आता पोरांना काय पाजू?"

त्यानंतर कंपनीच्या मॅनेजरचा फोन. "प्रश्न फ्रॅकिंगचा होता ना मॅडम? उत्तर 'नाही' असंच आहे ना? मग तेवढंच लिहा." नियमाने त्याचं खरं होतं. गावाचा वकील आला, तो म्हणाला, "फ्रॅकिंग नाही असं लिहू नका, तक्रार निकालात निघेल." त्याचंही खरं होतं.

मी दोन वाक्यं लिहिली. इथे फ्रॅकिंग नाही. विहीर मात्र याच कामामुळे नासली.

पेणला सुनावणी झाली. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून विचारलं, "म्हणजे कंपनी दोषी की निर्दोष?"

"फ्रॅकिंगबाबत निर्दोष, विहिरीबाबत दोषी."

"हे कुठल्या कलमात बसतं?"

वकिलाने मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने माझ्याकडे. मी भूवैज्ञानिक, कलमं मला काय ठाऊक!

तक्रार फेटाळली गेली. सुगंधाताई बाहेर पायरीवर बसल्या. "खोटं नाय बोललो आम्ही," एवढंच म्हणाल्या.

मग गावाने नवी तक्रार केली. त्यात फ्रॅकिंग हा शब्द नव्हता, फक्त विहिरीची हकीकत आणि माझं दुसरं वाक्य. या वेळी काम थांबलं. कंपनीने भेग बुजवली, विहीर उपसून धुतली, पाणी नितळ होईपर्यंत टँकर दिला. तोवर भात कापून वालाला फुलं आली होती.

तक्रार करायला कुणी आलं की मी आता सांगते: जे नासलं ते लिहा. कशाने नासलं त्याचं इंग्रजी नाव आम्ही शोधू.