चौकटीबाहेरची घागर

काल एका लग्नात फोटोग्राफरने हाताच्या इशाऱ्याने एका बाईंना बाजूला केलं आणि मला माझाच जुना हात दिसला.

नवा वार्ताहर होतो. गावच्या नळाचं उद्घाटन. चौकटीत गिचमीड नको, हा धडा ताजा शिकलेला, त्यामुळे मीच काय तो कलावंत! नळाशेजारी एक आजी रिकामी घागर घेऊन उभ्या होत्या.

"आजी, जरा सरका, फोटोत येताय."

"सरकते बाबा. पाणी आलं की हाक मार."

फोटो झकास आला. फीत, कात्री, सात पुढारी, सगळे माझ्याकडे बघून हसताहेत.

संपादक म्हणाले, "शहाण्या, यात बातमी कुठंय?"

ती मीच सरकवली होती. आणि हाक? नळाला पाणी आलं का, हे बघायलाही मी थांबलो नव्हतो.